लेन्स मेली म्हणून डब्बा भंगारात घालू नका

मागच्या वेळी मिक्सर आणि इन्व्हर्टरच्या प्रश्नांमधी एक बारकासा प्रश्न जुन्या पीएसटूचा, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन-२ ह्या टीव्हीवर खेळायच्या गेमच्या डब्ब्याचा होता, त्याला दोन ओळीत उत्तर देऊन मी मोकळा झालो आणि तिथंच फसलो. तेव्हापासून निम्मे प्रश्न माळ्यावरच्या गेमचेच येऊ लागलेत. म्हणून ह्या वेळी मिक्सरवाल्यांनी थोडी कळ काढा. मी परभणीत रिपेरिंगचं दुकान चालवतो, कुठल्या कंपनीचा माणूस नाही, त्यामुळं जे सांगतो ते टेबलावर उघडून बघितलेलंच सांगतो.

प्रश्न (सेलूहून एक वाचक) : दादा, आमच्याकडं थोरल्या भावाचा पीएसटू आहे, बारीक मॉडेल. पाच-सहा वर्षं माळ्यावर पडून होता, दिवाळीच्या साफसफाईत काढला. चालू होतोय, आवाज येतोय, पण डिस्क टाकली की नुसती घरघर फिरती आणि मग लाल पडदा येऊन प्लेस्टेशनची डिस्क टाका म्हणतो, अरे बाबा तीच तर टाकलीय. एका दुकानात दाखवला तर म्हणले डिस्क वाचायची लेन्स गेली, आता मिळत नाही, भंगारात द्या. मित्र म्हणायलाय की मेमरी कार्डवर काहीतरी टाकलं की डिस्क लागतच नाही. खरंय का, का उगी फेकायलाय?

उत्तर : मित्र फेकत नाही भावा, खरंच सांगतोय. पण कार्डाच्या आधी झाकण उघड, कारण लेन्स गेली म्हणून येणाऱ्या बऱ्याच लेन्सा नुसत्या घाण असतात. वसमतहून एकदा एक पीएसटू आला होता, घर मोंढ्याच्या मागं, स्क्रू काढून वरचं कव्हर उचललं तर फॅनवर, लेन्सवर, पट्टीच्या खाली सगळीकडं पिवळा थर, चक्क हळद, आणि गरम झाला की वास पण हळदीचाच यायचा म्हणे. कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, लेन्सवरनं हलक्या हातानं गोल फिरवलं, दुसऱ्या कोरड्या काडीनं पुसलं, तो डब्बा अजून चालू आहे. थिनर, पेट्रोल, सेंट असलं काही लावू नको, लेन्स प्लास्टिकची असती, धुरकट होऊन कायमची जाईल. ज्या दांड्यावर लेन्स मागंपुढं सरकती तिथलं जुनं ग्रीस पण वाळून चिकट झालेलं असतं, ते पुसून थोडंसं पांढरं ग्रीस लाव.

एवढं करून पण लाल पडदा आला तर मग लेन्स संपली असं धर. आणि संपली तरी काही बिघडत नाही हेच तर मला सांगायचंय. पीएसटूमधी सगळ्यात आधी मरती ती लेन्स, बाकीचा बोर्ड ठणठणीत असतो. २००० साली आलेला हा डब्बा कंपनीनं २०१३ च्या सुरुवातीपर्यंत बनवला, १५ कोटींच्या वर खपला, आणि आपल्याकडं त्यातले किती नुसत्या लेन्सपायी भंगारात गेले त्याचा हिशोबच नाही.

आता कार्डाचं. त्याला फ्रीमॅकबूट म्हणतात, २००८ पासून आहे. पीएसटू चालू झाला की डिस्क बघायच्या आधी तो मेमरी कार्डात डोकावतो, कंपनीचं एखादं अपडेट ठेवलंय का म्हणून. ही सोय कंपनीनंच ठेवलेली. लोकांनी त्याच जागी स्वतःचा प्रोग्राम ठेवायची युक्ती काढली, पीएसटूला वाटतं अपडेट आहे आणि तो गुमान चालवतो. यात चिप बसवायची नाही, डाग द्यायचा नाही, वायर ओढायची नाही. कार्ड काढलं की डब्बा परत पहिल्यासारखा. म्हणून नवख्या माणसाला मी पीएसटूच सांगतो, इथं चुकलं तर जास्तीत जास्त कार्ड जातं.

कार्ड ८ एमबीचं, मॅजिकगेट, म्हणजे सोनीची कुलपाची सोय, असलेलं घे. ६४ एमबी, १२८ एमबी लिहिलेली जी स्वस्तातली कार्डं येतात त्यात बऱ्याचदा हे मॅजिकगेट धड नसतं आणि मग पोरं मला शिव्या देतात.

आता खरी गोची ऐक. कार्डवर हा प्रोग्राम टाकायला आधीच असा एखादा प्रोग्राम चालवणारा पीएसटू लागतो. म्हणजे विहिरीतनं पाणी काढायला बादली पाहिजे आणि बादली विहिरीत पडलेली. २०२० मधी फ्रीडीव्हीडीबूट नावाची एक वाट निघाली, पीएसटूचा जो डीव्हीडी पिक्चर दाखवणारा भाग आहे त्यातल्याच चुकीचा फायदा घेऊन कोऱ्या डीव्हीडीवर जाळलेली डिस्क चालती, पण त्याला लेन्स पाहिजे आणि तुझी तर गेलीय. त्यामुळं तुला दोनच रस्ते, आधीच टाकलेलं तयार कार्ड मागवायचं नाहीतर ज्याचा चालू आहे अशा मित्राच्या डब्ब्यावर तुझं कार्ड लावून करून घ्यायचं. करून घेताना एक चूक करू नको, जी मी केली होती. मला वाटलं एका कार्डावरच्या फाइली दुसऱ्यावर कॉपी मारल्या की झालं, पेनड्राइव्हसारखं. रात्री अकरा ते दोन तेच करत बसलो, कॉपी व्यवस्थित व्हायची आणि चालू केलं की काही नाही, बायको दोनदा येऊन बघून गेली. शेवटी कळलं की ह्या फाइली त्या त्या कार्डापुरत्या कुलूपबंद असतात, दरवेळी इन्स्टॉलर चालवूनच टाकाव्या लागतात. आणि इन्स्टॉल चालू असताना कार्ड उपसू नको, लाईट जायच्या टायमाला तर करूच नको.

कार्ड लागलं की एक मेनू दिसतो. त्यात युलॉन्चएल्फ म्हणून फाइली बघायचं साधन आणि ओपन पीएसटू लोडर, ज्याला सगळे ओपीएल म्हणतात. ओपीएलनं पेनड्राइव्हवरनं गेम चालतात, डिस्कशिवाय. पेनड्राइव्ह फॅट३२ मधी फॉरमॅट कर, त्यात सीडी आणि डीव्हीडी नावाचे दोन फोल्डर इंग्रजी मोठ्या अक्षरात, आणि गेमच्या आयएसओ फाइली, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल, जिथल्या तिथं. फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, तसली मोठी असेल तर युएसबीयुटील नावाच्या प्रोग्रामनं तुकडे करावे लागतात. फाइली एकेक करून टाक, मधल्या काढून परत भरल्या की फाइल विखरून बसती आणि ओपीएल अडून बसतं.

अपेक्षा मात्र बेताची ठेव. पीएसटूचं युएसबी जुन्या १.१ जातीचं, सेकंदाला जेमतेम १ एमबी ओढतं, तर चांगली लेन्स डीव्हीडीवरनं ५ एमबीच्या आसपास वाचायची. त्यामुळं गेम चालतो पण मधी मधी जे पिक्चरसारखे सीन येतात ते अडखळतात, आवाज तुटतो, गाडी धक्का देऊन चालू केल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय दोन, तुझ्या बारीक मॉडेलला मागं नेटची वायर लावायची खाच आहे, ती वायर घरच्या कम्प्युटरला नाहीतर राउटरला जोडून नेटवर्कवरनं गेम चालवता येतात. नाहीतर मेमरी कार्डाच्या दुसऱ्या खाचेत बसणारं एसडी कार्डाचं ॲडॉप्टर मिळतं, नवीन ओपीएल त्याला ओळखतं. मला दुसरं आवडतं, वायरींचं जाळं नको.

प्रश्न (औशाहून एक वाचक) : सर, मी ऑनलाइन फ्रीमॅकबूटचं तयार कार्ड मागवलं. माझ्या पीएसटूच्या मागं एससीपीएच-९०००० च्या घरातला नंबर आहे. कार्ड लावलं तरी काहीच फरक पडंना, सरळ नेहमीचा मेनू येतो. मित्राच्या पीएसटूवर तेच कार्ड चालतंय. म्हणजे माझा खराब आहे का?

उत्तर : खराब नाही, उशिरा जन्मलेला आहे. ९०००० ची मालिका हे पीएसटूचं शेवटचं मॉडेल, आणि त्यातल्या उशिरा बनलेल्या डब्ब्यांत कंपनीनं ती कार्डात डोकावायची सवयच काढून टाकली. मागच्या लेबलवर एक आकडा-अक्षराची बारकी जोडी असती बघ, ८ए, ८बी असेल तर चालतं, ८सी काठावरचं, ८डी आणि त्याच्या पुढं फ्रीमॅकबूट नाही म्हणजे नाही. त्याच्यासाठी ओपनट्यूना नावाचा दुसरा प्रकार आहे, तो कार्डात साध्या सेव्हसारखा बसतो. तू ब्राउझरमधी जाऊन कार्ड उघडलंस की त्याचं चित्र दाखवायच्या नादात पीएसटू तो प्रोग्राम चालवून बसतो. दरवेळी एक बटन जास्त दाबावं लागतं एवढंच. मित्राच्या डब्ब्यावर तुझं कार्ड चालतंय ना, मग त्याच्याच घरी बसून ओपनट्यूना टाकून घे, नवं कार्ड मागवू नको.

प्रश्न (देगलूरहून एक वाचक) : आमच्या मावसभावानं अमेरिकेतून त्याचा जुना मोठा पीएसटू आणला. लावला आणि 'टप्' आवाज झाला, आता लाईटच लागंना. यावर ते होमब्रू, म्हणजे लोकांनी घरी लिहिलेले प्रोग्राम चालवायचं, होतं का?

उत्तर : आधी जिवंत तर होऊ द्या काका. मागं १२० व्होल्ट लिहिलंय का बघा, लिहिलेलंच असणार, अमेरिकेचा जाडा पीएसटू तेवढाच सोसतो आणि आपण त्याला २३० दिले. नशीब चांगलं असेल तर नुसता फ्यूज गेलाय, नाहीतर आतला पॉवर सप्लायचा बोर्ड. बोर्ड बदलता येतो, आपल्याकडच्या भंगार पीएसटूतला २३० चा निघाला तर कायमचाच प्रश्न मिटला. पण आतल्या मोठ्या कपॅसिटरमधी वायर काढल्यावर सुद्धा करंट राहतो, हे काम घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन करू नका. बारीक मॉडेलमधी ज्याला बाहेरनं ८.५ व्होल्टचा अडॉप्टर लागतो त्यांना हा त्रास कमी, पण तिथं लोक घरातला कुठला पण १२ व्होल्टचा अडॉप्टर पिन बसली म्हणून लावतात, ते पण त्याच रांगेतले.

प्रश्न (अंबाजोगाईहून एक ताई) : भाऊ, माझा मुलगा अकरावीला आहे. जुना पीएसटू घेऊन बसतो आणि म्हणतो मी खेळत नाही, त्याच्यासाठी प्रोग्राम लिहितोय. त्याच्या तोंडात सारखं हॅक, होमब्रू असले शब्द. हे बेकायदेशीर आहे का? पोलिसांचं लचांड तर मागं लागणार नाही ना? आणि तो खरंच शिकतोय का मला बनवतोय, हे मी कसं ओळखू?

उत्तर : ताई, होमब्रू म्हणजे घरी केलेलं. दुकानातल्या पाकिटाऐवजी आपण काळा मसाला घरी कांडतो तसं, कंपनीनं विकलेला नव्हे तर कुणीतरी हौसेनं लिहिलेला प्रोग्राम. कंपनीला न विचारता तो आत घुसवावा लागतो म्हणून हॅक म्हणतात, त्यात चोरी असतेच असं नाही. खुद्द सोनीनं २००२ मधी पीएसटूसाठी लिनक्सचा संच विकला होता, ४० जीबीची हार्ड डिस्क, कीबोर्ड, माउस सगळं त्यात, म्हणजे ह्या डब्ब्यावर लोकांनी स्वतःचे प्रोग्राम लिहावेत असं एकेकाळी कंपनीला पण वाटत होतं.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. हक्काचा भंग करायच्या हेतूनं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मी वकील नाही, पण त्यातला 'हेतू' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या डब्ब्यावर स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवणारं पोरगं कुणाचा हक्क मारत नाही. तेच पोरगं दुसऱ्यांचे गेम उतरवून पेनड्राइव्ह भरून शंभर रुपयाला विकायला लागलं की मग तुमची काळजी बरोबर.

आता तो शिकतोय का बनवतोय. त्याला विचारा की मेमरी पुरती का रे. पीएसटूत मेन मेमरी ३२ एमबी, चित्रांसाठी वेगळी ४ एमबी, आणि मेन प्रोसेसर २९५ मेगाहर्ट्झच्या आसपास, आजचा तुमचा साधा मोबाईल त्याच्यापुढं हत्ती आहे. खरंच लिहीत असेल तर पोरगं लगेच तक्रार चालू करेल, चित्र मोठं झालं, मावंना, कापून बारकं केलं, मग रंग बिघडले. नुसता खेळत असेल तर म्हणेल हो पुरती की. सी भाषेत लिहायला पीएसटू एसडीके नावाचा फुकट संच आहे, सी जड जात असेल तर लुआ नावाच्या सोप्या भाषेत पण लिहिता येतं. लातूर पॅटर्नच्या अभ्यासात हे बसत नाही हे मला माहीत आहे आणि बारावीच्या वर्षी डब्बा माळ्यावर ठेवा हे पण मीच सांगेन, पण ज्या पोराला ३२ एमबीत संसार करता आला त्याला पुढं कम्प्युटरची भीती राहणार नाही. रात्री किती वाजेपर्यंत ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

प्रश्न (जालना जिल्ह्यातून एक वाचक) : मामा, गावात गेम पार्लर टाकायचा विचार आहे. चार जुने पीएसटू स्वस्तात मिळायलेत, चौघांत कार्ड टाकून हार्ड डिस्कवर दोनशे गेम भरले तर तासाला वीस रुपयांनी पोरं येतील. सेटिंग तुम्ही करून द्या, पैसे काय ते सांगा.

उत्तर : नाही करून देणार. वर ताईला जे सांगितलं ते इथं उलटं लागू होतं, दुसऱ्याचे दोनशे गेम न घेता त्यावर धंदा, यात हेतू शोधायला वकील लागत नाही. मी काही फार साधू नाही, आमच्या कॉलेजच्या टायमाला तासाला दहा रुपये देऊन चिप मारलेल्या पीएसटूवर तीस रुपयांच्या जाळलेल्या डिस्का आम्ही पण घासल्यात, तेव्हा अस्सल डिस्क गावात मिळायचीच नाही. पण तेव्हा केलं म्हणून आता वीस रुपये तासानं करून देऊ, असं होत नाही ना. अस्सल वापरलेल्या डिस्का गोळा करून, लेन्सा नीट करून पार्लर काढणार असलास तर ये, चारी डब्बे साफ करून देतो.

प्रश्न (पैठणहून एक वाचक) : माझ्याकडं 'देसी अड्डा' गेमची अस्सल डिस्क आहे, कबड्डी आणि विटी-दांडूवाली. लई चरे पडलेत. खराब व्हायच्या आत तिची कॉपी करून पेनड्राइव्हवर ठेवली तर चालंल का?

उत्तर : जपून ठेव ती डिस्क. २००९ ची, आपल्याच देशात बनलेला पीएसटूचा गेम, असे बोटावर मोजण्याएवढेच. तू कायद्यानं त्याचा मालक आहेस आणि प्रोग्राम नष्ट होऊ नये म्हणून बॅकअप ठेवायची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधी आहे, आपल्यापुरतीच, वाटायला नाही. पालथी करून बघ, खालची बाजू निळी असेल तर सीडी, चंदेरी असेल तर डीव्हीडी. चंदेरी असेल तर कम्प्युटरवर इमगबर्न नावाच्या प्रोग्रामनं सरळ आयएसओ काढ. निळीची बिन आणि क्यू अशी जोडी निघती, ती आयएसओत बदलून मगच ओपीएलला दे, नाहीतर ते ओळखत नाही. चरे जास्त असतील तर वाचायचा स्पीड सगळ्यात कमी ठेव आणि चहा पिऊन ये. टूथपेस्ट घासायचा उपाय कुणी सांगितला तर त्याच्या डिस्कवर आधी करून बघ.

प्रश्न (हिंगोलीहून एक वाचक) : पीएसपी ३०००, सोनीचा हातात धरून खेळायचा गेम, आहे, मागचं झाकणच बसंना, बॅटरी गरोदर झाल्यासारखी फुगलीय. दुकानदार म्हणतो जेलब्रेक करायला 'पँडोरा बॅटरी' लागती, हजार रुपये. देऊ का?

उत्तर : हजार रुपये खिशातच राहू दे. पँडोरा २००७ ची गोष्ट, बॅटरीचा आतला नंबर बदलून पीएसपीला सर्व्हिस मोडमधी घालवायची युक्ती, आणि ती पण जुन्या मॉडेलला. ३००० ला ती बॅटरी लागतच नव्हती, कारण कंपनीनं ते दार बंद करूनच ३००० काढला. दुकानदाराला एकतर माहीत नाही नाहीतर तुला माहीत नाही हे त्याला माहीत आहे.

पहिलं काम, ती फुगलेली बॅटरी आत्ता काढ. टोचू नको, दाबून बसवू नको, चार्जिंगला तर अजिबात लावू नको, उन्हात गाडीच्या डिकीत पण ठेवू नको, आपल्याकडं मे महिन्यात डिकीत भाकरी भाजती. ओल्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडं दे. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर पण पीएसपी चालतो, तोवर तसा वापर. पण सॉफ्टवेअर अपडेट तो बॅटरीशिवाय घेत नाही, म्हणून नवी बॅटरी लागणारच. घेताना मॉडेल सांगून घे, १००० ची जाड असती ती ३००० मधी बसत नाही.

मग कंपनीचं शेवटचं ६.६१ अपडेट टाक आणि त्यावर आर्क-४, होमब्रू चालवू देणारा प्रोग्राम. मेमरी स्टिक पीएसपीमधीच फॉरमॅट करायची, मोबाईलचं मायक्रो एसडी बसणारं ॲडॉप्टर स्वस्तात मिळतं ते चालतं. होमब्रू प्रोग्राम ज्याच्या त्याच्या फोल्डरसकट पीएसपी नावाच्या फोल्डरातल्या गेम फोल्डरमधी. पीएसपी पूर्ण बंद केला की आर्कचा लोडर पुन्हा एकदा चालवावा लागतो, झोपवून ठेवला तर लागत नाही. कायमचं बसवायची पण सोय आहे, पण पहिले पंधरा दिवस तात्पुरतंच चालव, हात बसू दे. पीएसटूत चुकलं तर कार्ड जातं, इथं चुकलं तर पीएसपी जातो, एवढा फरक लक्षात ठेव आणि अर्ध्या चार्जिंगवर काही करू नको.

प्रश्न (धाराशिवहून एक वाचक) : कार्ड वगैरे सगळं झालं पण नवीन एलईडी टीव्हीवर चित्रच येईना. लाल-पांढरी-पिवळी वायर लावायला तीन भोकंच नाहीत, एकच बारीक भोक आहे.

उत्तर : ते हेडफोनसारखं भोक म्हणजेच एव्ही, त्याला तीन तोंडाची छोटी वायर मिळती. पण प्रत्येक कंपनीची आतली जोडणी वेगळी, त्यामुळं पिवळ्यात चित्र नाही आलं तर पिवळी पिन लाल नाहीतर पांढऱ्यात घालून बघ, कशात तरी येतं. एचडीएमआयचं बारकं ॲडॉप्टर लावणार असशील तर आधी जुन्या टीव्हीवर पीएसटूच्या सेटिंगमधी जाऊन कम्पोनंट व्हिडिओ आउटला आरजीबी असेल ते बदलून 'वाय' अक्षरानं सुरू होणारा दुसरा पर्याय कर, नाहीतर माणसं भलत्याच रंगाची दिसतात आणि मग लोक म्हणतात ॲडॉप्टर डुप्लिकेट निघालं.

प्रश्न (नांदेडहून एक काका) : तुमच्या ह्या पीएसटू-पीएसपीच्या आधीचा माझ्याकडं कॅसेटचा टीव्ही गेम आहे, पोरं लहान असताना वजिराबादेतून घेतलेला. नातवाला दाखवायचाय. त्यात पण होमब्रू होतं का? आणि कॅसेटमधी फुंकर मारल्याशिवाय चालायची नाही, ते कशामुळं?

उत्तर : काका, तुमच्या डब्ब्यात हॅक करायला काही नाहीच, कारण त्याला कुलूपच नाही. तो जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम ह्या टीव्ही गेमची नक्कल, उघडलात तर बोर्डावर काळ्या डांबराच्या थेंबासारखा एक ठिपका दिसेल, सगळा कम्प्युटर त्या थेंबाखाली. आत मेनू नाही, सिस्टिम नाही, कॅसेटवर जे लिहिलंय तेच तो सरळ चालवतो. अस्सल फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, मेमरी २ केबी. हो, केबीच. साध्यातल्या साध्या कॅसेटमधी प्रोग्रामला फार तर ३२ केबी आणि चित्रांना ८ केबी, तुम्ही व्हॉट्सॲपवर सकाळी जो फुलांचा फोटो पाठवता त्याच्यापेक्षा अख्खा गेम बारका. आणि ह्या असल्या जागेत आज पण लोक नवे गेम लिहितात, मशीनच्या भाषेत नाहीतर सीसी६५ नावाच्या फुकट साधनानं सी मधी. ते चालवायला मेमरी कार्ड बसणारी कॅसेट मिळती, पण ती तुमच्या अख्ख्या टीव्ही गेमच्या कितीतरी पट महाग, नातवासाठी एवढा खर्च करा असं मी म्हणणार नाही. नातवानं स्वतः काही लिहिलं तर आधी कम्प्युटरवरच्या इम्युलेटरमधी, म्हणजे जुन्या डब्ब्याचं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममधी, चालवा.

फुंकरीचं म्हणाल तर ती कॅसेट फुंकरीनं चालायची नाही, काढून परत बसवल्यानं चालायची. पिना एकमेकींवर घासल्या जातात, गंज थोडा निघतो आणि संपर्क होतो. फुंकरीतल्या ओलीनं उलट गंज वाढतो. आता बसवायच्या आधी कॅसेटच्या पिनांवर, सोनेरी पट्ट्या दिसतात त्या, शाळेतलं पांढरं खोडरबर हलकं फिरवा, भुगा ब्रशनं झाडा, मग अल्कोहोलची काडी. अडॉप्टर लावायच्या आधी त्याचे व्होल्ट आणि पिनचं प्लस-मायनस डब्ब्यावरच्या लेबलशी जुळवून घ्या, जुने अडॉप्टर वीस वर्षांत बदललेले असतात आणि कुठला कशाचा ते घरात कुणाला आठवत नाही. लेबल पुसलं असेल तर लावू नका, डब्बा आणि अडॉप्टर दोन्हीचा खालून फोटो काढून पाठवा.